चौदा मार्कांचा प्रश्न

सांगलीत परीक्षांचा हंगाम हळदीच्या वासाने सुरू होतो. मार्च सरता सरता मार्केट यार्डात पोती उतरायला लागतात, गावोगावी हळद पॉलिश करायचे ड्रम गडगडायला लागतात, आणि वारा सुटला की ती बारीक पिवळी धूळ कॉलेजच्या खिडक्यांच्या गजांवर येऊन बसते. सुपरव्हिजनला वर्गात शिरून टेबलावर हात टेकला की तळवा पिवळा होतो. नवीन लागलेल्या प्राध्यापकांना त्याचं कौतुक वाटतं. मला गणित शिकवायला लागून एकतीस वर्षं झाली, मला कौतुक वाटत नाही. एप्रिल जवळ आला की माझं डोकं फिरतं, स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज वाढतो आणि बँकेतून निवृत्त होऊन सुखाने वर्तमानपत्र वाचत बसलेले माझे यजमान मान वर न करता म्हणतात, "आल्या वाटतं परीक्षा."

त्यांना वाटतं, कामाचा ताण आहे. गेली अकरा वर्षं मी त्यांना तसंच वाटू दिलं आहे.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय. समारंभ होईल, शाल मिळेल, नारळ मिळेल आणि चारपाच माणसं उभी राहून माझ्या काटेकोरपणाबद्दल बोलतील. 'मॅडमनी कधी अर्धा मार्क इकडचा तिकडे केला नाही' हे वाक्य तर नक्कीच येणार; ते मी इतरांच्या समारंभात ऐकलंय आणि माझ्यासाठीही तयार असणार. ते वाक्य खाली मान घालून ऐकायच्या आधी एका उन्हाळ्याबद्दल लिहून टाकावं, असं यंदा फार वाटायला लागलं.

अकरा वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. पेपर तपासायला आम्हाला सगळ्यांना एका ठिकाणी बोलावतात, त्याला आम्ही कॅप म्हणतो. त्या वर्षी कॅप एका कॉलेजच्या जिमखान्यात होती आणि वर पत्रा होता. दुपारी बारानंतर तो पत्रा तडतड वाजायचा. पंखे होते, पण पंख्याने गठ्ठ्यातले कागद उडतात म्हणून ते बंद ठेवायचे. मनगटाखाली हातरुमाल घेऊन आम्ही लिहीत असू, कारण घाम उत्तरपत्रिकेवर पडला की लाल शाई पसरते आणि पाचाचे आठ दिसायला लागतात. अकराला चहा, दोनला डबा, चारला परत चहा आणि कुणाच्या तरी पिशवीतून निघणारं भडंग. त्या भडंगाच्या तेलाची बोटं किती मुलांच्या भवितव्यावर उमटली असतील, देव जाणे.

जेवणाच्या आधी तीस पेपर हातावेगळे व्हायला हवेत असा माझा शिरस्ता होता. त्याचीही एक रीत असते. सिद्ध करा म्हटलेल्या प्रश्नाची आधी शेवटची ओळ बघायची. ती हवी तशी असली की मग वर जायचं, मधल्या दोन ठरलेल्या पायऱ्या आहेत का बघायचं आणि मार्क टाकायचे. शेवटची ओळच भलती असली तर वर जायचं कारण नाही. हे कुणी शिकवत नाही, सगळेच करतात. उकाड्यात, घामात, तीस पेपरांच्या घाईत, समोर एक उत्तर आलं. त्याची शेवटची ओळ होती, 'म्हणून हे विधान असत्य आहे.' मी चौदापैकी शून्य दिलं आणि पान उलटलं. मला ते आठवतही नव्हतं. उत्तर कुणाचं हे कळायचा प्रश्नच नव्हता, पेपरवर नाव नसतं.

ते उत्तर जालिंदर हवालदारांचं होतं.

हवालदार हे त्यांचं आडनाव नव्हे. कडेगावचा हा माणूस सैन्यात सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आला होता. नोकरीत असतानाच बाहेरून बी.एस्सी. झाले, आणि घरचा ऊस धाकट्या भावावर सोपवून वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आमच्याकडे एम.एस्सी.ला बसले. वर्गातल्या बावीस वर्षांच्या मुली त्यांना काका म्हणायच्या. पहिल्या बाकावर ताठ बसायचे. मी वर्गात शिरले की बाकीचे अर्धवट उठायचे, हे सरळ उभे राहायचे. एकदा मी गमतीने म्हटलं, "हवालदार, इथे कुणी तुमची परेड घेत नाही." तर म्हणाले, "घ्या की मॅडम. लय दिस झालं कुणी घेतली न्हाई."

त्यांना गणित कळायचं. हे मी सहजासहजी कुणाबद्दल म्हणत नाही. पाठ करणाऱ्यांच्या गर्दीत एखादाच असा असतो, ज्याला दिलेलं वाक्य गिळवत नाही, तो ते दाताखाली धरून बघतो. लिहायला ते फार हळू होते, म्हणून सगळा पेपर त्यांचा कधीच पुरा व्हायचा नाही. पण जेवढं लिहायचे तेवढं नितळ असायचं.

त्यांचं एम.एस्सी. होणं हे नुसतं हौसेचं नव्हतं. लष्करी शिस्तीच्या एका निवासी शाळेत माजी सैनिकासाठी गणिताच्या शिक्षकाची एक जागा निघाली होती. मुलाखत झाली होती, निवडही झाली होती. फक्त जूनअखेर एम.एस्सी. पास झाल्याचा कागद दाखवायचा होता. पुढच्या वर्षी ते वयात बसणार नव्हते. म्हणजे ती एकच संधी होती, आणि हे वर्गाला ठाऊक होतं, मलाही होतं.

आता तो प्रश्न सांगायला हवा. आकडेमोडीच्या पलीकडे न गेलेल्या वाचकाने घाबरू नये. मॉड्यूल म्हणजे असा गट, ज्यातल्या वस्तूंची आपसांत बेरीज होते आणि ज्यांना बाहेरच्या आकड्यांनी गुणता येतं. एका गटातून दुसऱ्या गटात, बेरीज आणि गुणाकार न बिघडवता जाणाऱ्या वाटेला होमोमॉर्फिझम म्हणतात. M आणि N असे दोन गट घ्या. M मधून आकड्यांकडे जाणारी एखादी वाट आणि N मधली एखादी वस्तू यांची जोडी जमवली, की M कडून N कडे जाणारी एक वाट आपोआप तयार होते. कुणी काही निवडायला नको, ठरवायला नको. म्हणून तिला नॅचरल म्हणतात. अशा जोड्यांपासून एका बाजूला टेन्सर प्रॉडक्ट नावाची रचना उभी राहते. दुसऱ्या बाजूला असतात M कडून N कडे जाणाऱ्या सगळ्याच्या सगळ्या वाटा. प्रश्न होता: या दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात, हे सिद्ध करा.

मला हा प्रश्न फार आवडायचा. फळ्याच्या डावीकडे टेन्सर, उजवीकडे वाटांचा गट आणि मध्ये एक बाण. मी तो बाण काढताना खडू मोडेल इतका दाबायची. काही निवडावं न लागता दोन गोष्टी आपल्या आपण जुळतात, यात मला एक आधार वाटायचा. आयुष्यात सगळंच निवडावं लागतं आणि बहुतेक वेळा चुकतं, असं मुलांना सांगून मी हसवायचीही. त्या वर्षी पेपर मीच काढला होता. माझ्या नोट्समधलं सर्वांत लाडकं प्रमेय मी चौदा मार्कांना घातलं.

निकाल जूनमध्ये लागला. पास व्हायला चाळीस लागत होते आणि हवालदारांना एकतीस होते. चारपाच दिवसांनी, शनिवारी सकाळी, ते विश्रामबागेतल्या आमच्या घरी आले. उत्तरपत्रिकेची छायाप्रत त्यांनी फी भरून मागवली होती. पायातल्या चपला भिंतीला समांतर लावून ते आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि प्रत टीपॉयवर पसरली.

"मॅडम, सोमवारी रिव्हॅल्युएशनच्या अर्जाची शेवटची तारीख हाय," ते म्हणाले. "भरू का नको, एवढंच इचारायला आलोय. चूक माजी असंल तर उगं धा लोकांचा येळ कशाला घालवायचा?"

मी उत्तर वाचलं. पहिल्यांदाच वाचलं. चार ओळींचं होतं. M म्हणून त्यांनी दोनच वस्तूंचा गट घेतला होता, शून्य आणि एक, ज्यात एक अधिक एक शून्य होतं. N म्हणूनही तोच.

"इस्कटून सांगू का?" ते म्हणाले आणि माझ्या होकाराची वाट न बघता वाकून बोट ठेवत गेले. "दोन जवानांची पोस्ट समजा. बर्फ पडलाय, बाहीर आकड्यांच्या मुलखात जायला एक बी वाट न्हाई. कारन हितं एकाची दुप्पट शून्य हुती, आन तिकडं शून्य सोडलं तर कुणाचीच दुप्पट शून्य हुत न्हाई. जानाऱ्यानं शून्यावरच पडायचं. म्हंजी डावीकडं काय बी न्हाई, शून्य. पर पोस्टच्या आत दोन वाटा हाईतच की. दोगांनी बी झोपून ऱ्हायचं, न्हाईतर ज्यानं त्यानं आपापल्या जागंवर उबं ऱ्हायचं. उजवीकडं दोन. शून्य आन दोन सारखं कसं हुतील मॅडम?"

होत नाहीत. एखाद्याने भर रस्त्यात पदर ओढावा तशी मी आतून दचकले आणि तोंडावर काही दिसू दिलं नाही. माझा लाडका प्रश्न खोटा होता. त्याला एक अट लागत होती, M चांगल्या पायावर उभा असल्याची अट, आणि ती अट प्रश्नात नव्हती, माझ्या नोट्समध्ये नव्हती, एम.एस्सी.ला शिकवायला लागल्यापासून नऊ वर्षं मी ती फळ्यावर लिहिली नव्हती.

पुढच्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात काय काय आलं ते मी आज न लपवता सांगते. पेपर माझा. साठ मुलांनी खोटी गोष्ट सिद्ध करून दाखवली आणि मी त्यांना बारा, तेरा, चौदा दिले. हे बाहेर आलं तर चौकशी, खुलासा आणि नव्याने निकाल. ऑगस्टमध्ये विभागप्रमुखपद माझ्याकडे यायचं होतं आणि ते मिळू नये म्हणून टपलेला एक सहकारी होता. माझ्या नोट्स मिरजेपासून कराडपर्यंत झेरॉक्सच्या दुकानांत विकल्या जात होत्या. एवढं सगळं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला समोर बसलेला एक माणूस. त्याला नऊ मार्क हवे होते आणि त्याचे चौदा माझ्याकडे होते.

"प्रश्नात 'सिद्ध करा' म्हटलंय, हवालदार," मी म्हटलं.

"व्हय. पर मुळात खोटं असलं तर?"

"खोटं नाही. तुमच्या उत्तरात चूक आहे."

"कुटं?"

आम्हा शिक्षकांच्या तोंडात एक वाक्य कायम तयार असतं. उत्तर माहीत नसलं की आणि द्यायचं नसलं की, दोन्ही वेळा ते कामाला येतं. मी म्हटलं, "ती तुम्हीच शोधायची. शोधल्याशिवाय गणित येत नाही."

त्यांनी प्रतीची व्यवस्थित घडी घातली. "बरं झालं इचारलं," म्हणाले. "न्हाईतर उगंच अर्ज भरून बसलो असतो." उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी नमस्कार केला आणि गेले. सोमवार आला आणि तोही गेला.

ते गेल्यावर मी साताऱ्याला आमच्या सरांना फोन लावला होता. हे प्रकरण मला त्यांनीच शिकवलं होतं. माझ्या नोट्स म्हणजे त्यांनी सांगितलेलं, मी उतरून घेतलेलं. सर तेव्हा ऐंशीच्या घरात होते, आवाज मात्र खणखणीत. मी प्रश्न सांगितला तर ते खो खो हसले. "अगं, ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की! या प्रकरणात सगळी मॉड्यूल्स फायनाइटली जनरेटेड प्रोजेक्टिव्ह, पुन्हा पुन्हा सांगत बसणार नाही. एकदा सांगायचं आणि पुढे गृहीत धरायचं, ही माझी पद्धत. तू नव्हतीस वाटतं त्या दिवशी?"

मी नव्हते. चांगल्या पायाची अट ती हीच. फोन ठेवल्यावर मला तो दिवस आठवला. मी पलूसहून एस.टी.ने कॉलेजला यायची. फेब्रुवारीत घरी हळद निघाली होती, शिजवायला बाया कमी पडल्या म्हणून आईने मला ठेवून घेतलं. अंगणात मोठी काहिल चढवलेली, वर ओलं पोतं झाकलेलं, आणि त्यातून येणारी ती उग्र, मातकट वाफ. शिजलेल्या गड्ड्यात काडी घुसते का बघायचं काम माझ्याकडे होतं. काडी आरपार गेली की मी ओरडायची, "झालं!" आणि बाया काहिल उतरवायच्या. दिवसभर मला फार महत्त्वाचं झाल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीची वही घेतली आणि ज्या पानावर प्रकरणाचं नाव होतं तिथपासून उतरवून काढली. सरांचं ते पहिलं वाक्य तिने आदल्या पानाच्या तळाला लिहिलं असणार. मी ते पान उलटून बघितलं नाही.

एका दिवसाची गैरहजेरी. पुढचं प्रत्येक पान मी सुवाच्य अक्षरात, तांबड्या शाईने अधोरेखित करून उतरवलं आणि त्यातलं प्रत्येक प्रमेय त्या न उतरवलेल्या एका वाक्यामुळे लुळं होतं. त्याच वहीवरून मी शिकले, पहिली आले, नोकरीला लागले. ती चूक होती आणि तिची मला लाज वाटत नाही, चुका होतात. शनिवारी सकाळी माझ्या घरात झाली ती चूक नव्हती. सरांना मी हवालदारांबद्दल काहीच सांगितलं नाही. सर दोन वर्षांनी वारले. पुढच्या वर्षीपासून मी वर्गात ती अट गुपचूप सांगायला लागले, जणू ती नेहमीच तिथे होती. झेरॉक्सच्या दुकानांतल्या जुन्या नोट्स मात्र तशाच राहिल्या.

मी स्वतःला समजावलं की ते ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसतील. ते बसले नाहीत. मनाला हायसं वाटलं, हेही खरं आहे. शाळेतली जागा दुसऱ्या कुणाला गेली. हवालदार तासगाव रस्त्यावर बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोअरेजवर सिक्युरिटीला लागल्याचं मुलांकडून कळलं. माजी सैनिक म्हटलं की आपल्याकडे लोकांना फाटकच आठवतं. एकदा एका लग्नाला जाताना आमची गाडी त्या फाटकासमोर टेम्पोमागे अडकली. ते निळ्या शर्टात उभे होते, कानावर पेन्सिल होती. टेम्पोवाल्याशी बोलता बोलता त्यांनी खिशातून घडीचा कागद काढला, काहीतरी पाहिलं आणि परत ठेवला. मला वाटलं, मालाची पावती असेल. मी हातातल्या पुस्तकात डोकं घातलं.

यंदाचा एप्रिल. आता जिमखाना नाही, घामही नाही. एसी खोलीत संगणकावर स्कॅन केलेल्या उत्तरपत्रिका येतात आणि आम्ही माऊसने मार्क टाकतो. प्रश्न चार उघडला आणि पडद्यावर तेच वाक्य आलं. शब्दही माझेच होते. अट नव्हती. पेपर काढणारा माझाच एक जुना विद्यार्थी, आता एका कॉलेजात विभागप्रमुख आहे.

चाळीसेक जणांनी ते बिनदिक्कत सिद्ध केलं होतं. मग एक उत्तर आलं, अक्षर मुलीचं वाटलं. तिने मध्येच थांबून लिहिलं होतं, 'M दोनच घटकांचा घेतला तर?' पुढे दीड ओळ बरोबर गेली होती. मग ते सगळं तिने एका रेघेने खोडलं आणि खाली नोट्समधली सिद्धता उतरवली होती. शेवटची ओळ अगदी हवी तशी होती. खोडलेल्या मजकुराला मार्क नसतात. मी माऊसवरचा हात काढला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "बरं नाही का वाटत?" त्या रेघेकडे बघून मला ओरडावंसं वाटत होतं. हवालदारांनी निदान खोडलं नव्हतं.

पेपर काढणाऱ्याला फोन केला तर तो गांगरला. "मॅडम, पण हे तुमच्याच नोट्समध्ये आहे."

"हो," मी म्हटलं, "माझ्याच नोट्समध्ये आहे."

या वेळी मी परीक्षा विभागाला लेखी दिलं की प्रश्न चुकीचा आहे आणि त्या चुकीचं मूळ मी आहे. कुणी चौकशी केली नाही, कुणी मला नोकरीवरून काढलं नाही. सगळ्यांना सरसकट चौदा मार्क द्यावेत असं पत्र आलं. सुचून खोडलेल्या मुलीलाही चौदा आणि प्रश्नाला हातच न लावणाऱ्यालाही चौदा. ज्या भीतीपोटी मी एका माणसाचं आयुष्य उधळलं, ती भीती दीड ओळीच्या परिपत्रकात मिटली. याचा मला दिलासा वाटायला हवा होता, पण मला स्वतःची किळस आली.

मे महिन्यात मी कडेगावला गेले. एस.टी.तून उतरून विचारत विचारत गेले, ऊस तुटून गेलेल्या रिकाम्या रानांच्या कडेने. पाचट जाळल्याचा वास अजून होता. हवालदारांचं घर रस्त्याला लागूनच आहे. ते ड्युटीवरून नुकतेच आले होते आणि अंगणातल्या नळाखाली पाय धूत होते. मला बघितलं आणि ओल्या पायांनी सरळ उभे राहिले. केस पांढरे झाले होते, पाठ तशीच होती.

"शालन, मॅडम आल्यात आपल्या!" त्यांनी आत हाक दिली. त्यांच्या बायकोने लगबगीने सतरंजी अंथरली, पाणी आणलं. "तुमचं नाव लय निगतं बगा घरात," ती म्हणाली. "रोज सकाळी वही काडून बसत्यात. मी म्हनते, आवं आता कशाला? तर म्हनत्यात, मॅडमनी काम दिलंय."

मला काही कळेना. हवालदार हसले आणि फडताळातून तीन जाडजूड रजिस्टरं घेऊन आले.

"मॅडम, चूक अजून घावली न्हाई," ते ओशाळून म्हणाले. "पर सोडली बी न्हाई. परीक्षेला परत बसायचं तर तोच प्रश्न आला आन जे मला खोटं दिसतंय ते खरं म्हनून लिवायचं, हे काय जमंना. म्हटलं आदी चूक घावू दे, मग बसू."

मी रजिस्टर उघडलं. प्रत्येक पानावर तारीख, वेळ आणि आकडा. 'संशय क्र. १: दोन घटकांचा गट हा मॉड्यूलच नसावा.' खाली पानभर तपासणी आणि शेवटी लाल शाईत, 'संशय निराधार.' संशय क्रमांक दोन, वाटेची व्याख्या चुकीची समजली असावी. निराधार. क्रमांक नऊ, शून्याशी टेन्सर शून्यच होतो हे खरं नसावं. निराधार. सतरावा होता की पूर्णांकांत शून्याखेरीज दुप्पट शून्य होणारा एखादा आकडा आपल्याला माहीत नसावा. आठ पानं त्यांनी तो शोधला होता. फाटकावर उभा राहून या माणसाने अकरा वर्षं स्वतःच्या चार बरोबर ओळींची चौकशी चालवली होती. तिसऱ्या रजिस्टरात शेवटची नोंद होती, संशय क्रमांक एकसष्ट: 'मला मुळात गणित कळत नाही.' त्याच्याखाली निराधार लिहिलेलं नव्हतं.

"जालिंदरराव," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "त्यात चूक नाही. तुमचं उत्तर बरोबर होतं. प्रश्न चुकीचा होता."

"म्हंजी शून्य आन दोन..."

"सारखे नाहीत."

शालनताई दारात उभ्या होत्या. "म्हंजी हे पास हुते व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो. पंचेचाळीस होतात."

त्या पदर तोंडाला लावून उंबऱ्यावर बसल्या.

हवालदारांनी रजिस्टर माझ्या हातातून हळूच काढून घेतलं. "तुमास्नी कवा कळलं, मॅडम?"

यंदाच्या एप्रिलमध्ये, असं म्हणता आलं असतं. ते उत्तर तयार होतं, पुरावाही होता, आणि मी म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तेच मला सोसलं नाही.

"त्याच दिवशी," मी म्हटलं. "तुम्ही माझ्या घरी समोर बसला होता ना, तेव्हाच."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शेवटचं पान उघडलं, कानावरची पेन्सिल काढली, तारीख घातली आणि एकसष्टच्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'संशय क्र. ६२: मॅडम.'

"ह्यो इचार कवा आलाच न्हाई बगा," ते म्हणाले.